सागरी सफरीचे ठिकाण ठरवण्याबाबत

सेक्रेटरीसाहेबांनी आयुष्यात एकही निर्णय एकट्याने घेतला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. एकट्याने घेतलेला निर्णय चुकला तर एकट्यालाच निस्तरावा लागतो, आणि बरोबर आला तर कौतुक करायला कोणी हजर नसतं, असं त्यांचं म्हणणं. ते ज्या इमारतीचे सेक्रेटरी होते तिथे गच्चीच्या कुलपापासून पाण्याच्या टाकीच्या झाकणापर्यंत सगळं सभेत ठरे. म्हणजे ठरत नसे, पण चर्चा व्यवस्थित होई. इमारतीला कोणता रंग द्यायचा हा विषय इतकी वर्षं सभेपुढे पडून होता की आधीचा रंग कोणता होता यावरही आता दोन गट पडले होते.

असा हा माणूस नोकरीतून निवृत्त झाला आणि पहिल्यांदाच कामाच्या दिवशी दिवसभर घरी राहिला. सकाळी ते पेपर उघडून बसले, तर पहिलं पान संपेना. दार वाजे, बायको स्वयंपाकघरातून हात पुसत येई, दार उघडे, आणि बाहेर कोणीतरी उभं असे. कोणाच्या नळाला पाणी नव्हतं. कोणाच्या जागेत कोणीतरी गाडी लावली होती. कोणाला गच्चीची किल्ली हवी होती आणि कोणाला आधीच्याने नेलेली किल्ली परत आली का ते विचारायचं होतं. बायको प्रत्येकाला बसा म्हणे, ऐकून घेई, समजूत काढी आणि पुन्हा कणकेत हात घाली.

दुपारी त्यांनी विचारलं, हे रोज असंच असतं का.

"आज कमी आहे," ती म्हणाली. "आज लिफ्ट चालू आहे."

सेक्रेटरीसाहेबांनी पेपरची घडी घातली. इतकी वर्षं ते स्वतःला सेक्रेटरी समजत होते. ऑफिसातून येऊन संध्याकाळी चार सह्या केल्या की इमारत चालते, असा त्यांचा समज होता. इमारत चालवत होती ती ही बाई, आणि तिला कोणी निवडून दिलेलं नव्हतं. त्यांना तिच्याविषयी एकदम इतकं भरून आलं की काहीतरी बोलावं असं वाटलं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने बायकोचे आभार मानायचे म्हणजे नेमकं काय म्हणायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला आणि म्हणाले, आपण जहाजाने फिरायला जाऊ.

तिचा हात थांबला. जहाजावरच राहायचं का, तिने विचारलं. झोपायचंही तिथेच? ते म्हणाले, हो. जेवणाचं? ते म्हणाले, जेवणही तेच देतात, भांडीसुद्धा तेच घासतात. ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिचा चेहरा असा उजळलेला त्यांनी मुलीच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

"मग कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठेही चालेल," ती म्हणाली.

खरं तर विषय इथे संपला होता. बाईने पूर्ण आणि नेमकं उत्तर दिलं होतं. पण सेक्रेटरीसाहेबांची उभी हयात विमा कंपनीत गेलेली. तिथे 'कुठेही चालेल' असा शेरा आला, तर संबंधितांचा अभिप्राय निरंक आहे असं समजून प्रकरण पुढे पाठवायचं असतं. त्यांनी प्रकरण पुढे पाठवलं.

प्रवास कंपनीच्या ऑफिसात काचेच्या टेबलामागे एक तरुण मुलगी बसली होती. तिने तीन सफरी दाखवल्या. एक बेटांची, एक बर्फाच्या डोंगरांची आणि एक जुन्या शहरांची. तिन्ही चित्रांत तेच हसरं जोडपं होतं, फक्त कपडे बदललेले. सेक्रेटरीसाहेबांनी तिन्ही माहितीपत्रकं नीट घडी करून घेतली आणि वरून मंजुरी आली की कळवतो म्हणाले. वर कोण असतं, असं तिने विचारलं. ते म्हणाले, सभा. मुलीने मान डोलावली, पण त्यांच्या पाठीमागून तिने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, हे त्यांना बाहेर पडताना दाराच्या काचेत दिसलं.

मग पासपोर्ट. दोघांचेही कधीचे संपलेले. सेक्रेटरीसाहेबांनी अर्ज सुवाच्य अक्षरात भरले, खाली सही केली आणि सवयीने खिशातून काढून सोसायटीचा शिक्का मारला. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि अत्यंत शांतपणे विचारलं की परदेशी तुम्ही जाणार आहात की इमारत. त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला की शिक्क्याशिवाय सही उघडीबोडकी वाटते. बाई म्हणाल्या, नवे अर्ज आणा, आणि शिक्का चुकून लागल्याचा खुलासाही आणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे अर्ज नेले, खुलासाही नेला. खुलाशावर शिक्का होता. हा प्रसंग त्यांनी घरी सांगितला नाही, पण तो खुलासा घेऊन पोलीस चौकशीला आलेल्या शिपायाने सांगितला, आणि तोही तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

अशा रीतीने बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले यायला लागले. सोसायटीच्या अध्यक्षबाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्या जगाचा भिंतीवरचा नकाशा गुंडाळी करून घेऊनच आल्या आणि सेक्रेटरीसाहेबांच्या हॉलमध्ये टांगून गेल्या. त्यासाठी घड्याळ काढावं लागलं. त्यांचा कल बर्फाकडे होता, कारण हिमनदी त्यांनी जन्मभर शिकवली होती आणि पाहिली एकदाही नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा बर्फाला सक्त विरोध. थंड हवेने जुनी दाढ ठणकते, आणि सेक्रेटरीसाहेबांची डावीकडची दाढ कशी आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. ही माहिती त्यांनी जिन्यात, चारचौघांत दिली. खजिनदारांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांना जहाज म्हटलं की गंज दिसे. ठिकाण कुठलंही घ्या, पण निघण्याआधी पत्रे जोडणारे रिव्हेट बघून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यात डॉक्टरांनी जहाज लागण्याचा मुद्दा काढला. समुद्र सोसतो की नाही ते आधी तपासायला हवं, नाहीतर सगळी सफर बादलीत तोंड घालून जाईल. तपासायचं कसं, तर अंगणात मुलांसाठी झोपाळा आहे. सेक्रेटरीसाहेब संध्याकाळी, कोणी बघत नाही अशी खात्री करून झोपाळ्यावर बसले. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. ती कुरकुरते अशी तक्रार गेले कित्येक महिने त्यांच्याकडेच पडून होती. आवाजाने एकेक गॅलरी भरली. डॉक्टर वरून सूचना देत होते, जरा जोरात, आता डोळे मिटून, आता तिरपे. खाली एक चिमुरडी आपल्या पाळीसाठी उभी होती. तिने काका, तुमचं अजून किती आहे, असं विचारलं, तेव्हा सेक्रेटरीसाहेब उतरले. उतरले म्हणजे त्यांना खजिनदारांनी उतरवलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. लिफ्टने वर नेत असताना लिफ्ट मध्येच बंद पडली आणि इमारतीच्या सेक्रेटरीला इमारतीच्या लिफ्टमध्ये, उलटी आवरत, लिफ्टच्या दुरुस्तीचं काम कोणाकडे पडून आहे याबद्दल खजिनदारांकडून ऐकावं लागलं.

बायकोने लिंबूपाणी दिलं. मग विचारलं, "आपलं ठरलं का कुठे जायचं ते?"

"रविवारी ठरेल," ते म्हणाले. "सभेपुढे ठेवलंय."

ती काही सांगायला गेली. पण तेवढ्यात दार वाजलं.

रविवारच्या सभेत आयत्या वेळच्या विषयांत हा विषय निघाला. सेक्रेटरीसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की सफर त्यांची आणि पत्नीची आहे, खर्चही त्यांचाच आहे, सभेने फक्त ठिकाण सुचवावं. अशी चर्चा त्या इमारतीत पूर्वी झाली नव्हती. लोक मुद्देसूद बोलले. एकमेकांचं ऐकून घेतलं. अध्यक्षबाईंनी सद्गदित होऊन बर्फाचा आग्रह सोडला. हात वर झाले तेव्हा बेटांच्या बाजूने झाडून सगळी सभा होती. ज्या इमारतीत दिवे किती वाजता लावायचे यावर एकमत झालं नव्हतं, तिथे एकमत. सेक्रेटरीसाहेबांना आपल्या कारकिर्दीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

आणि त्याच गोड घटकेला खजिनदार म्हणाले की इतकी चांगली बेटं आहेत तर आपण सगळेच का जाऊ नये. जास्त माणसं असली तर कंपनी सवलत देते. टाळ्या पडल्या. डॉक्टर सहकुटुंब तयार झाले. अध्यक्षबाई तयार झाल्या. इथे सेक्रेटरीसाहेबांनी एक शब्द उच्चारायला हवा होता, आणि तो शब्द 'नाही' असा होता. तो त्यांच्या ओठांपर्यंत आलाही. पण जन्मात पहिल्यांदा झालेलं एकमत आपल्याच हाताने मोडायचं, हे त्यांच्याच्याने होईना. त्यांनी ठराव लिहून घेतला आणि शिक्का मारला.

घरी येऊन त्यांनी आनंदाची बातमी दिली. बायको चादरीच्या घड्या घालत होती.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे."

"डॉक्टरसुद्धा?"

"त्यांच्या सासूबाईंसकट."

तिने झालेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाली, "बरं." बायकोच्या 'बरं'मध्ये काय काय असू शकतं यावर कोणीतरी सवडीने अभ्यास करायला हवा. सेक्रेटरीसाहेबांनी त्याचा अर्थ 'बरं झालं' असा घेतला आणि शांत झोपले.

पुढचे दिवस दार उघडंच ठेवावं लागलं. जहाजावर कोणाची खोली कुठे यावरून जुनी भांडणं नव्या दमाने सुरू झाली. ज्यांच्या छतातून वरच्यांच्या न्हाणीघराचं पाणी गळत होतं, त्यांनी जहाजावरही त्यांच्याखालची खोली घ्यायला साफ नकार दिला. खिडकीची खोली कोणाला, यासाठी पार्किंगच्या जागांसारख्या चिठ्ठ्या टाकायची मागणी आली. अध्यक्षबाई नकाशासमोर छडी घेऊन प्रत्येकाला मार्ग समजावत, आणि तो नकाशा सेक्रेटरीसाहेबांच्या हॉलमध्ये असल्यामुळे प्रत्येक जण चहाच्या वेळेला समजून घ्यायला येई. बायको चहा करत होती. ती पूर्वीइतकीच हसून सगळ्यांना बसा म्हणत होती. पण एका दुपारी सेक्रेटरीसाहेबांनी स्वयंपाकघरात डोकावलं तर ती ओट्याला टेकून नुसती उभी होती, आणि चहा उतू जात होता. तिचा चहा कधी उतू जात नसे.

सगळं पक्कं करायला पुन्हा सभा बोलावली. खाली जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या. खोल्यांचा प्रश्न बराचसा मिटला होता. शेवटी खजिनदार उठले आणि म्हणाले, एक सोयीची सूचना आहे. बोटीवर अनोळखी जागा, कोणाला काही अडचण येऊ शकते. तर सेक्रेटरीसाहेबांची आणि वहिनींची खोली अगदी मधोमध, जिन्याला लागून असावी. म्हणजे कोणालाही, केव्हाही, दार वाजवता येईल. सूचना सर्वांना फार आवडली. हात वर झाले.

बायको तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. इतक्या वर्षांत ती सभेला फक्त ट्रे घेऊनच आली होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला.

"अध्यक्षांच्या परवानगीने मला बोलायचंय," ती म्हणाली.

सभा दचकली. सभेची ही भाषा तिला कुठून आली, असा प्रश्न पडण्याचं कारण नव्हतं. सगळ्या सभांचा कच्चा मसुदा सेक्रेटरीसाहेब जेवताना तिलाच वाचून दाखवत. अध्यक्षबाईंनी मान हलवली.

"मला बेटं बघायची नाहीत," ती म्हणाली. "बर्फही नाही बघायचा. यांनी जहाजाचं काढलं तेव्हा मला एवढंच दिसलं की चहूबाजूंनी पाणी आहे, आणि माझ्या दाराशी कोणी येत नाहीये. मी नुसती बसलेय. कोणी हाक मारत नाहीये. मला कुठे पोचायचं नव्हतंच हो."

तिलाच ते अवघड वाटलं असावं, कारण ती जरा हसली.

"राग नाही बरं का माझा. तुम्ही सगळे मला हवे आहात. फक्त थोडे दिवस नको आहात."

एवढं बोलून ती चहाचे कप द्यायला वळली, तर ट्रे तिथे नव्हता. तो खजिनदारांनी उचलला होता. खजिनदार, ज्यांनी स्वतःच्या घरी पाण्याचा पेला उचलल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, ते चहा वाटायला लागले. वाटता वाटता कोणाकडे न बघता म्हणाले, की त्यांची बायको दवाखान्यात होती तेव्हा दोन्ही मुलं वहिनींकडेच जेवत होती, आणि त्याबद्दल कधी काही बोलायचं राहूनच गेलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, मी तापाने फणफणले होते तेव्हा माझ्या घराची किल्ली हिच्याकडे होती, सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जायची. डॉक्टर म्हणाले की सेक्रेटरीसाहेब परत येईपर्यंत पाणी, लिफ्ट, किल्ल्या सगळं त्यांच्या दवाखान्यात सांगावं, तोंड उघडून बसलेल्या पेशंटसमोर सांगितलं तरी चालेल. सफरीचा ठराव रद्द झाला. त्यालाही कोणी विरोध केला नाही.

सभा संपली की सेक्रेटरीसाहेबांनी आभार मानायचे, ही पद्धत. ते उभे राहिले. त्यांनी अध्यक्षबाईंचे आभार मानले, उपस्थितांचे मानले, खुर्च्या देणाऱ्यांचे मानले, दिव्याची सोय करणाऱ्या वॉचमनचे मानले. मग त्यांना बायको दिसली. ती रिकामे कप गोळा करायला निघाली होती आणि खजिनदार ते करू देत नव्हते. सेक्रेटरीसाहेबांना एकदम लक्षात आलं की आजवरच्या एकूण एक सभांमध्ये आपण सतरंजीवाल्याचेदेखील आभार मानले, पण जिचा चहा सगळ्यांनी प्यायला तिचं नाव कधी घेतलं नाही. त्यांनी तोंड उघडलं. ते नाव काही केल्या बाहेर येईना. गालाला हात लावून ते तसेच खाली बसले. लोकांना वाटलं, दाढ.

दुसऱ्या दिवशी ते प्रवास कंपनीच्या मुलीकडे गेले. या वेळी त्यांनी माहितीपत्रकं उघडलीच नाहीत. ज्या सफरीत सगळ्यात कमी ठिकाणं असतील आणि सगळ्यात जास्त नुसतं पाणी असेल, ती हवी, असं ते म्हणाले. मुलगी म्हणाली की लोक नेहमी उलटं विचारतात. पण तिने संगणकावर मनापासून शोधलं. अशी एक सफर निघाली. तिच्यात एकच बंदर होतं, आणि तेही फारसं बघण्यासारखं नव्हतं म्हणून ती खपत नव्हती. वरून मंजुरी घ्यायची आहे का, असं मुलीने विचारलं. सेक्रेटरीसाहेबांनी तिथल्या तिथे सही केली. हात खिशाकडे गेला होता, पण शिक्का त्या सकाळीच डॉक्टरांकडे दिलेला होता.

जहाज लागलं नाही. लागलं ते वेगळंच. पहिल्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांना चैन पडेना. जेवणाच्या हॉलमध्ये एका दिव्याची उघडझाप होत होती, ती त्यांनी तीन वेगवेगळ्या वेटरना दाखवली. जिन्यात एका अनोळखी गृहस्थाने गरम पाणी येत नसल्याची कुरकुर केली, तर हे म्हणाले, लेखी द्या. मग त्यांनी वळून पाहिलं. बायको डेकवरच्या लांब खुर्चीत पाय पसरून बसली होती, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. सुई नव्हती, भाजी नव्हती, पुस्तकसुद्धा नव्हतं. तिचे हात असे मोकळे त्यांनी कधी पाहिल्याचं आठवेना. ते गृहस्थांची माफी मागून तिच्याजवळ येऊन बसले, आणि बसून राहायला शिकायला त्यांना बराच वेळ लागला.

मग ते एकुलतं बंदर आलं. जहाज धक्क्याला लागलं आणि सगळे प्रवासी टोप्या घालून, कॅमेरे लावून खाली उतरले. ही दोघं उतरली नाहीत. डेक रिकामा झाला. एक माणूस फरशी पुसत होता, तोही पुसून गेला. सेक्रेटरीसाहेब उठले, चहाच्या यंत्रापर्यंत गेले, कोणतं बटण दाबायचं ते कोणालाही न विचारता ठरवलं आणि दोन कप घेऊन आले. त्यातला एक जरा सांडला होता. तो त्यांनी स्वतःकडे ठेवला.

तिने घोट घेतला. चांगला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पण तिने दुसराही घोट घेतला.

सेक्रेटरीसाहेब समुद्राकडे बघत होते. सभेसमोर बोलायला ते कधी घाबरले नव्हते. समोर एकच माणूस असलं की काय होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"तू होतीस," ते म्हणाले, "म्हणून झालं सगळं. मी नुसत्या सह्या केल्या. मला हे कधीच बोलायला हवं होतं."

ती कप मांडीवर धरून बसली होती. वारा तिच्या तोंडावर केस आणत होता आणि ती ते बाजूला करत नव्हती. मग तिने मान त्यांच्याकडे वळवली.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "इंजिनाचा आवाज होता. परत म्हणा."

इंजिन सकाळपासून बंद होतं. सेक्रेटरीसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली आणि ते परत म्हटलं.